पाहुण्यांना सातारा दाखवायचा आहे, कास-ठोसेघर सोडून

माचीपेठ
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरहून माझी मावसबहीण, तिचे यजमान, दोन मुलं (मोठा सातवीत, धाकटी तिसरीत) आणि तिच्या सासूबाई येणार आहेत. हाताशी जेमतेम दीड दिवस. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण इतिहासाची ओढ सगळ्यांत जास्त त्यांनाच. फोनवर म्हणाल्या, "होळकरांचं इंदूर आम्ही रोज बघतो, आता शाहू महाराजांचा सातारा दाखवा."

तेव्हापासून मी विचारात पडले आहे. आपल्याकडे पाहुणे आले की त्यांना गाडीत घालायचं आणि कास, ठोसेघर, सज्जनगड करून आणायचं, ही रीतच पडली आहे. गावात थांबतो ते राजवाड्याच्या चौपाटीवर भेळ खायला. १७०८ पासून १८४८ पर्यंत हे राजधानीचं शहर होतं. एकशे चाळीस वर्षं इथे छत्रपतींची गादी होती, आणि आपण पाहुण्यांना फुलं आणि धबधबे दाखवतो. मला हे पटत नाही. ती ठिकाणं सुंदर आहेतच, पण साताऱ्याची ओळख तिथे होत नाही.

तर सांगा, गावात आणि गावाच्या आसपास काय दाखवू, कोणत्या क्रमाने दाखवू, आणि गुडघेदुखी असलेल्या बाईंना कुठपर्यंत नेता येईल?

गडवाट
अजिंक्यतारा. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं कराच. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, गाडी दरवाजाच्या जवळ जाते. आजींना पायऱ्या थोड्याच चढाव्या लागतील, त्याही सावकाश.

नुसतं वर नेऊन फोटो काढू नका मात्र. दरवाजात उभं करून गोष्ट सांगा. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः साताऱ्यात येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. चार महिने गड हातात येईना, म्हणून तटाखाली सुरुंग खणले. एप्रिल १७०० मध्ये ते उडवले. पहिल्याने तट आत कोसळला आणि गडावरची माणसं दबली. दुसऱ्याचे दगड बाहेर उडाले आणि हल्ल्यासाठी जमलेली मोगल फौजच त्याखाली गाडली गेली. एवढं होऊनही गड लढत होता. पण मार्चमध्येच सिंहगडावर राजाराम महाराज गेले होते. ती बातमी आल्यावर मग बोलणी झाली आणि गड खाली झाला. बादशहाने नाव ठेवलं आझमतारा. ताराराणींच्या माणसांनी तो परत घेतला आणि अजिंक्यतारा म्हणायला लागले. सातवीतल्या पोराला एवढं सांगितलंत तर तो गड विसरायचा नाही.

उंडगा
गडवाट, गोष्ट चांगली आहे, पण दाखवणार काय? दरवाजा, टॉवर, पडके चौथरे, आणि सकाळी व्यायामाला आलेली मंडळी. इंदूरची माणसं राजवाडा-लालबाग बघून मोठी झालेली. त्यांना वाटेल, यासाठी एवढ्या लांब आणलं? त्यापेक्षा एक दिवस काढून प्रतापगडला न्या. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात आपल्या जिल्ह्यातला तोच आहे. बुरुज, माची, भवानीमातेचं देऊळ, सगळं शाबूत आहे. पोरं खूश होतील.

गडवाट
प्रतापगड कोण नाही म्हणतंय? पण दीड दिवसातला एक दिवस घाटातच जाईल आणि आजी गाडीत बसून राहतील. शिवाय त्यांनी मागितला आहे शाहू महाराजांचा सातारा. तो इथेच आहे. १२ जानेवारी १७०८ ला राज्याभिषेक झाला तो साताऱ्यात. पुढे महाराज गडावरून खाली आले आणि पायथ्याला शाहूनगर वसलं. ज्या माची पेठेच्या नावाने ताई इथे लिहितात, ती त्याच डोंगराच्या पोटाला आहे. गडावरून हे सगळं एका नजरेत दिसतं: पेठा, तळी, पलीकडे यवतेश्वर, मागे सज्जनगड, पूर्वेला जरंडा. हा नकाशा आधी डोळ्यांत बसला की खाली उतरल्यावर बाकीचं शहर कळतं.

वेण्णाकाठ
माहुली. माहुली. माहुली. अजून कुणी नाव कसं घेतलं नाही याचं नवल वाटतं.

गावापासून पाच किलोमीटर. कृष्णा आणि वेण्णेचा संगम. अलीकडे संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलं, १७३५ च्या सुमाराला. खाली काळा दगड, वर शिखर, समोर नंदी. घाटाच्या पायऱ्यांवर हात ठेवून बघा, किती नेमके बसवलेत दगड. सगळ्या देवळांतून फिरायला गेलात तर आजींना त्रास होईल, पण विश्वेश्वराच्या ओट्यावर बसूनही नदी दिसते.

आणि सातारच्या राजघराण्याची माणसं शेवटी इथेच आली. शाहू महाराजांची समाधी इथे आहे. येसूबाईसाहेबांची आहे. ताराराणींची आहे. ज्या दोन घरांत गादीसाठी एवढा कलह झाला, त्या घरांतली माणसं एकाच नदीच्या काठी आहेत. येसूबाईसाहेब रायगड पडल्यापासून जवळपास तीस वर्षं मोगलांच्या कैदेत होत्या आणि सुटून आल्या त्या साताऱ्याला. मी माहेरी आले की एकदा तरी तिथे जाऊन फूल ठेवते. इतक्या मोठ्या बाईची समाधी इतकी साधी, हे बघून पोटात कालवतं. पाहुण्यांना हे दाखवायला हवं, शाबूत वाडा नसला तरी.

मुलांसाठी तिथे खंड्या आहे. शाहू महाराजांचा लाडका कुत्रा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला अशी कथा आहे. त्याचीही समाधी आहे, दगडात कोरलेला कुत्रा बसला आहे. तिसरीतल्या मुलीला तोच सर्वांत लक्षात राहील.

सातारी_बाज
खंड्याला पालखीचा मान होता म्हणतात. आमच्या पोराने हे ऐकल्यापासून घरच्या मोत्याला उचलून घ्यायचा हट्ट धरलाय. मोत्या तीस किलोचा आहे.

सोमवार_पेठ
माचीपेठ ताई, मी शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण राजवाड्याचा विषय कुणी काढला नाही. चौपाटीमुळे त्याच्याकडे आपली पाठच असते.

जुना राजवाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, १८२४ च्या सुमाराचा. शेजारचा नवा राजवाडा त्यांच्यामागून गादीवर आलेल्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांच्या कारकिर्दीत पुरा झाला. प्रतापसिंह महाराज म्हणजे पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी गादीवर बसवलेला राजा, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. या माणसाने शाळा काढल्या, रस्ते केले, रोजनिशी लिहिली. पहिला रेसिडेंट (म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) ग्रँट डफ, ज्याने पुढे १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, तो याच साताऱ्यात राहून कागद जमवत होता. १८३९ मध्ये इंग्रजांनी खोटे आरोप ठेवून महाराजांना पदच्युत केलं आणि काशीला धाडलं. ते परत आले नाहीत, १८४७ मध्ये तिकडेच वारले. पुढच्याच वर्षी आप्पासाहेब गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केलं. ज्या धोरणाने पुढे झाशी गेली, त्याचा पहिला घाव साताऱ्यावर पडला.

रंगो बापूजी गुप्ते महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे भांडत राहिले. हात हलवत परत आले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव झाली, ती फुटली, आणि ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. काहींना फाशी, काहींना तोफेच्या तोंडी, काहींना गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी निसटले ते पुन्हा कुणालाच दिसले नाहीत. त्या हुतात्म्यांचं स्मारक चार भिंतीला आहे, अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरच. गडावर जाताना दहा मिनिटं थांबा.

आणि राजवाड्यातली शाळा विसरू नका. प्रतापसिंह हायस्कूल तिथे भरायचं. ७ नोव्हेंबर १९०० ला त्या शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी. पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्यांच्या मातोश्री भीमाबाईंचं स्मारकही साताऱ्यातच आहे. इंदूरची मंडळी आहेत, बाबासाहेबांचा जन्म महूचा, म्हणजे त्यांच्या घराजवळचा. त्यांना हा धागा नक्की जवळचा वाटेल.

माचीपेठ
सर, महूचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं! बहीण महूच्या स्मारकावर दरवर्षी जाते. तिला हे सांगितलं तर ती आधी राजवाड्यालाच चला म्हणेल.

कराडकर
सगळं ठीक, पण जुना राजवाडा बाहेरूनच बघावा लागतो ना? आत जाऊ देतात का हल्ली?

सोमवार_पेठ
बाहेरूनच धरून चला. आत जाता आलं तर उत्तमच. लाकडी खांब, महिरपी, भिंतींवरची चित्रं, हे सगळं आतलं वैभव. एवढी देखणी वास्तू गावाच्या मधोमध असताना ती रोज उघडी, झाडलेली, दिवे लावलेली असायला हवी, असं मला फार वाटतं. मी त्या शाळेत शिकलो आहे. तुळयांकडे बघत बसल्याबद्दल गुरुजींचा मार खाल्ला आहे.

लिंबकर_भाचा
बारा मोटेची विहीर घ्या राव यादीत. माझं आजोळ लिंब, त्यामुळे हक्काने सांगतो. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर, पुण्याच्या बाजूला हायवे सोडून आत. म्हणजे पाहुणे परत निघतील तेव्हा वाटेवरच.

१७१९ ते १७२४ या काळात शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाईसाहेबांनी बांधून घेतली, तसा शिलालेखच आहे. अष्टकोनी, एकशे दहा फूट खोल आणि पन्नास फूट रुंद. पण आकडे ऐकून कळत नाही. पायऱ्या उतरत गेलं की पुढ्यात दगडी महालच येतो. विहिरीच्या पोटात! खांबांवर कोरीव काम, भिंतींवर वाघ-हत्ती. वर मोटांच्या जागा. एका वेळी बारा मोटा चालायच्या. बैल उतारावरून चालत जायचे, चामड्याची मोट भरून वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटाने आमराईला जायचं. माझ्या आजोबांनी लहानपणी आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट हाकली होती. तिथे उभं राहून ते सांगायचे की बारा जोड्या एकदम चालल्या तर नुसत्या चाकांच्या कुरकुरीने शिवार दुमदुमलं असेल.

आजींना महालापर्यंत हात धरून नेता येईल. पायऱ्या रुंद आहेत पण उंच आहेत. मुलांचा हात मात्र सोडू नका, वरच्या कडेलासुद्धा.

उंडगा
लिंबला माझं अनुमोदन. मी वर 'दाखवणार काय' म्हटलं, त्याला हे खरं उत्तर आहे. इथे गोष्ट न सांगताही माणूस गप्प होतो.

पुणे_ते_सातारा
मागच्या खेपेला रविवारी गेलो होतो. महालात लग्नाआधीचं फोटोसेशन चालू, छत्र्या, दिवे, धुराचं मशीन. वर रील करणाऱ्या पोरापोरींची रांग. आम्हाला शिलालेखाजवळ जाता आलं नाही. रविवार टाळाच.

लिंबकर_भाचा
याच गोष्टीने जीव तुटतो. लहानपणी सुट्टीत आम्ही तिथे दुपारभर बसायचो, फक्त पारवे असायचे. आता वेफरच्या पुड्या पाण्यावर तरंगतात. इतकी गर्दी नको, असंच वाटतं कधी कधी. या धाग्यावर लिहितानाही मनात आलं होतं की नाव घेऊ नये.

सातारी_बाज
नाव घेतलंस ते बरं केलंस भावा. लोक येत नव्हते तेव्हा काय होतं? झाडं उगवली होती भिंतीत. लोक यायला लागल्यावर गावकऱ्यांनी लक्ष घातलं, साफसफाई सुरू झाली. जी जागा कुणी बघत नाही, तिचे दगड एक दिवस कुणाच्या तरी घराच्या पायात जातात. साताऱ्यातल्या किती वाड्यांचं तसं झालंय, पेठांतून फिरून बघ. फोटो काढू देत, पण पैसे घेऊन, वेळ ठरवून.

वेण्णाकाठ
दोघांचंही पटतं. मला गर्दीपेक्षा राग येतो तो दगडावर नावं कोरणाऱ्यांचा. माहुलीला समाधीच्या चौथऱ्यावर बदाम आणि बाण काढलेले आहेत. तीनशे वर्षं ज्या दगडाने पूर सोसले त्यावर कोणी खिळ्याने ओरखडे काढतं. माचीपेठ, मुलांना आधीच सांगा. लहान मुलं हे फार मनापासून पाळतात, उलट मोठ्यांना टोकतात.

माचीपेठ
सांगेन. शिवाजी महाराज संग्रहालयाचं काय? वाघनखं तिथेच आहेत ना? भाच्याने पहिला प्रश्न तोच विचारला.

पुणे_ते_सातारा
नाहीत आता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्यात आली होती, तेव्हा काय गर्दी लोटली होती! २०२५ च्या सुरुवातीला नागपूरला हलवली. तीन वर्षांच्या बोलीवर आणलेली असल्यामुळे राज्यात फिरवतात. पण संग्रहालय बघाच. स्टँडजवळ आहे, आजींना सोयीचं. तलवारी, दांडपट्टे, चिलखतं सगळं नीट मांडलेलं आहे. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या म्हणजे दारातून परत यायला नको.

कराडकर
संग्रहालयावरून आठवलं. साताऱ्यात पूर्वी इतिहास-संशोधक पारसनीसांचा संग्रह होता. कागदपत्रं, चित्रं, नकाशे. १९३९ मध्ये तो पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्याची दौलत बघायला सातारकरांना पुण्याला जावं लागतं, याची मला अजून खंत वाटते.

सोमवार_पेठ
खंत मलाही आहे, पण तिथे ते कागद नीट जपले गेले आणि अभ्यासकांच्या हाती आले, हेही मोठं आहे. इथे त्या काळात ते टिकले असते का, हे सांगवत नाही.

वाईची_लेक
वाईबद्दल कुणीच नाही बोललं 😊 परतीच्या वाटेवर लिंब करणार असाल तर मेणवलीही थोडीशी वाकडी वाट करून होते. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि देवळाजवळ टांगलेली पोर्तुगीज घंटा. तिच्यावर १७०७ साल आणि मेरी-येशूची आकृती आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तिथून आलेली. वाईत ढोल्या गणपती आहेच.

गडवाट
वाईला स्वतंत्र दिवस द्या हो. असं शेपटासारखं जोडलं की ना वाई होते ना सातारा.

वाईची_लेक
हे मात्र खरं. पुढच्या वेळी चार दिवस काढून बोलवा त्यांना, मेणवली मी दाखवते.

सातारी_बाज
कंदी पेढ्यांचं कोणी बोलणार आहे का नाही? ऐतिहासिक वास्तू नाही म्हणून वगळले?

कराडकर
निघायच्या दिवशी घ्या, ताजे. कुठल्या दुकानातले ते विचारू नका, या धाग्याची दोनशे पानं होतील.

माचीपेठ
सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही लिहिलेलं काल रात्री सासूबाईंना फोनवर वाचून दाखवलं. येसूबाईसाहेबांबद्दल ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, बाकी काही राहिलं तरी चालेल, माहुली राहू देऊ नकोस.

आता असं ठरवते आहे. पहिल्या दिवशी ते दुपारी पोचतील. जेवण, थोडी विश्रांती, मग चार भिंती आणि अजिंक्यतारा, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी माहुली, तिथून राजवाडा आणि संग्रहालय, आणि दुपारी जाता जाता लिंब. म्हणजे गड, मग नदी, मग शहर. ठीक वाटतं का? ते सोमवारी येणार आहेत, म्हणजे रविवारची गर्दी टळेल.

सोमवार_पेठ
क्रम चांगला आहे. एवढंच सुचवतो, राजवाडा पहिल्या दिवशी गडावरून उतरताना करा. गडाची गोष्ट १७०८ ची, चार भिंतीची १८५७ ची, आणि त्या दोन्हींच्या मधल्या काळाचा शेवट राजवाड्यात घडला. ते एकाच दिवशी बघितलं तर आजींना तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही. आणि तुमच्या बहिणीला शाळा दाखवायला मी येईन. त्या दिवशी मला फक्त वेळ कळवा.

गडवाट
सरांचं ऐका. फक्त चार भिंतीला सव्वाचारपर्यंत पोचा, डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि गडावरून उतरायला अंधार नको. खाली आलात की राजवाड्याभोवती दिवे लागलेले असतील.

लिंबकर_भाचा
आणि लिंबला दुपारी तीनच्या आत पोचा. थंडीत ऊन लवकर कलतं, मग महालातलं कोरीव काम नीट दिसत नाही. टॉर्च असेल तर आणा, शिलालेख वाचायला लागेल. मी त्या आठवड्यात आजोळीच आहे. विहिरीपाशी येतो, आजींना उतरायला एक हात माझा.

वेण्णाकाठ
माहुलीला सकाळी आठच्या आधी जा. फुलं गावातूनच घेऊन जा.